पंगतीतला ठराव

मी आज मास्तरीण आहे ती माझ्या जमुनाआत्यामुळे. आणि हो, त्या दोन भांडकुदळ पक्षांमुळेही. त्यांचे उपकार मानायचं जिवावर येतं, पण मानते.

इंग्रजांच्या राज्यात लोकल बोर्ड आलं तेव्हा सगळे खूश. शाळा, रस्ते, दवाखाने आता आपलीच माणसं बघणार! बघतात कसले! एक पक्ष गुलाबचंद शेठचा, दुसरा भोजराज पाटलांचा. एकानं बैठक बोलावली की दुसऱ्याची माणसं घरी बसायची. अकरा सभासदांतले बैठकीला लागणारे सहा काही जमायचे नाहीत. कामठ्याच्या आमच्या मुलींच्या शाळेच्या मंजुरीची मुदत कार्तिकात संपत होती. ठराव नाही झाला तर कुलूप. मी तिसरीत होते. शाळा गेली की माघात माझं लग्न, असं बाबांनी ठरवूनच टाकलेलं. रडून रडून माझे डोळे सुजले.

आत्याला अक्षरओळख नव्हती, पण जीभ तिखट. ती तडक बोर्डाच्या चिटणिसाकडे, चुन्नीलालजींकडे गेली.

"बैठक माह्या आंगनात लावा. मंडईच्या दिवशी."

"बाई, वो लोग नहीं आयेंगे."

"बैठकीले नाही येत. जेवाले येतेत."

चुन्नीलालजींनी नियमाप्रमाणे आठ दिवस आधी नोटीस काढली. बैठक दुसऱ्यानंच बोलावली असणार, असं धरून दोन्ही पक्षांनी ती नेहमीसारखी न वाचताच परत धाडली.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. त्या दिवशीच्या जेवणाचं आवतण नाकारलं की गावची मतं गेलीच म्हणून समजा. आत्याचं आवतण गेलं आणि दोघंही आपापली माणसं घेऊन हजर! आत्यानं त्यांना अंगणातल्या पंगतीत समोरासमोर बसवलं. आपण उठलो तर गाव दुसऱ्याचं होईल, म्हणून कुणी हलेना. भात वाढला, वरण पडलं, पहिला घास तोंडात गेला आणि चुन्नीलालजींनी वही उघडून नावं पुकारली. नऊ हजर.

"हे काय चालून राहिलं?" भोजराज पाटील ओरडले.

"बैठक," आत्या म्हणाली. "नोटीस काऊन नाही वाचली?"

अर्ध्या पंगतीतून उठायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. आत्या भाताचं टोपलं घेऊन मधोमध उभी राहिली. भोवती सगळं गाव.

"पोरींची शाळा बंद करा म्हननाऱ्यानं आत्ताच सांगा. मंग पुढचा भात."

गुलाबचंद शेठनं चटकन ठराव मांडला. नाव एकट्या शेठचं होऊ नये म्हणून पाटलांनी त्याहून घाईनं अनुमोदन दिलं. नऊच्या नऊ मतं! अशी एकी त्या बोर्डात पुन्हा कधी झाली नाही.

चुन्नीलालजींनी वही माझ्यापुढे धरली. "पढ़ बेटी."

मी मोठ्यानं वाचलं. "कामठा येथील मुलींची शाळा पुढे चालू ठेवावी."

बाबा कुडाला टेकून ऐकत होते. "पोरीले एवढं येते?" ते हळूच म्हणाले. मग उठले आणि सगळ्यांसमोर थोरल्या बहिणीच्या पाया पडले.

"बाई, माघातलं लगन रद्द."

सगळ्या सभासदांना गप्प बसवणारी माझी आत्या तिथंच मटकन बसली आणि पोरीसारखी रडली.