रोलंडचा डावा हात

रोलंडच्या डाव्या हातातून ड्रमची काठी तिसऱ्यांदा निसटली, तेव्हा काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणाऱ्या मालिनने यंत्र थांबवलं आणि कॉफी घेऊ या म्हणाली. सकाळचे साडेदहाही वाजले नव्हते.

स्वीडनमधल्या अवेस्ता गावाबाहेर, जुन्या डेअरीत थाटलेल्या स्टुडिओत ‘ग्रावोल’चा तेरावा अल्बम चालला होता. शाळेच्या तळघरात पाच पोरांनी हा डेथ मेटल बँड उभा केला, त्यातले आता दोघेच उरले होते: ड्रम वाजवणारा रोलंड आणि पोटातून गुरगुरत गाणारा येर्कर. येर्कर एरवी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळी घालायचा. रोलंड पोलादाच्या कारखान्यात होता, पण पस्तीस वर्षं त्याने असं वाजवलं होतं, की लोक त्याचे हात बघायला स्टेजपाशी घुसायचे.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरीणबाईंनी कंपवाताचं निदान केलं. रोलंडने ते कुणालाच कळू दिलं नाही. एवढा एक अल्बम निभावून नेऊ, मग बघू, असं त्याने मनाशी धरलं होतं.

तीन दिवसांत एक गाणं धड झालं नाही. रोलंडने आधी थंडीचं निमित्त सांगितलं, मग खांद्याचं. चौथ्या दिवशी येर्करने त्याला बाहेर बर्फात नेलं.

"तू नुसते सुटे ठोके देऊन ठेव," तो म्हणाला. "मालिन कॉम्प्युटरवर जुळवेल. हल्ली सगळेच करतात."

"असल्या लोकांना नावं ठेवण्यात तुझा जन्म गेला, येर्कर."

"गेला ना? मग आता काय राहिलंय?"

शिंप्याकडे मापं द्यावीत तसे रोलंडने दुपारभर ठोके दिले. एक हलका, एक जोराचा, एक ड्रमच्या काठावरचा. संध्याकाळी मालिनने गाणं ऐकवलं. त्यात कुठेच चूक नव्हती. छान झालंय, असं म्हणून तो घरी गेला.

शरदात अल्बम आला आणि ड्रमचीच तारीफ झाली. रोलंडने वीस वर्षांत असं वाजवलं नव्हतं, असं एकाने लिहिलं. त्याच आठवड्यात येर्कर दालचिनीचे पाव आणि दौऱ्याची यादी घेऊन घरी आला. रोलंडने यादी न बघताच बाजूला सारली.

"मला कंपवात आहे."

"ठाऊक आहे," येर्कर म्हणाला. "आमच्याकडे अकराजण आहेत तसले. तुझं कप धरणं बघूनच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू डेअरीत पाऊल टाकलं नसतंस. आणि तुझ्याशिवाय मला अल्बम करायचा नव्हता."

"माझ्याशिवायच तर केलास."

पाव तसेच राहिले. येर्कर निघाला तेव्हा त्याला बाहेरपर्यंत सोडायला रोलंडने जॅकेट चढवलं; त्याची चेन लावून द्यायला येर्कर वाकला, तर रोलंडने त्याचा हात झटकला.

दौरा रद्द झाला. येर्करने दुसरा ड्रमवाला शोधला नाही. वसंतात त्याने ‘ग्रावोल’ संपल्याचं दोन ओळींत जाहीर केलं. रोलंडला लोकांची पत्रं अजून येतात. परवा ब्राझीलहून एकाने विचारलं होतं, चौथ्या गाण्याच्या शेवटी डावा हात नेमका कसा चालवला? रोलंडने ते पत्र दोनदा वाचलं. उत्तर लिहिण्यासारखं काही नव्हतंच, आणि पेनही हातात ठरत नव्हतं.