कच्चे सूर

माल सोडवून आणणारा आमचा एजंट दुकानात आला की आधी पाणी मागतो, मग वाईट बातमी देतो. त्या दिवशी त्याने पाणी मागितलंच नाही.

"मावशी, नियम बदलला," तो म्हणाला. "तुमच्या भावाकडचे सूर आता 'वाद्याचा तयार भाग' म्हणून धरणार. आयात शुल्क दुपटीच्या वर गेलं."

"कालपर्यंत पितळ होतं, रात्रीतून सोनं झालं वाटतं?"

"मला काय विचारता? मी नियम करत नाही. त्यांच्यापायी शिव्या तेवढ्या खातो."

मी अकॉर्डियन बनवते. लाकडी पेटी, भाता, बटणं, सगळं याच खोलीत. फक्त सूर बाहेरून येतात. सूर म्हणजे पितळेच्या पट्टीवर बसवलेली पोलादाची पातळ जीभ. भात्यातली हवा लागली की ती थरथरते आणि वाजते. टोकाशी घासली की आवाज चढतो, बुडाशी घासली की उतरतो. सगळी विद्या त्या घासण्यात आहे. आमच्या बाबांनी ती आम्हा दोघा भावंडांना शिकवली. मला पेटी जमली, धाकट्याला सूर. धाकटा म्हणजे छोटू. साठीला टेकलाय, डोक्यावर केस औषधालाही उरले नाहीत, तरी छोटूच. लग्न करून तो समुद्रापलीकडे घरजावई झाला, तेव्हा बाबा म्हणाले होते, "लोक दागिने देऊन मुलगी पाठवतात, मी कानस देऊन मुलगा पाठवला." पुढे त्याचे सासू-सासरे गेले, मग बायकोही गेली. मूलबाळ नाही. मी तर लग्नाच्या भानगडीत पडलेच नाही. आता तो तिकडे एकटा, मी इकडे एकटी.

फोनवर आमचं जमत नाही. "बरं आहे?" "बरं आहे." "ठेवू?" "ठेव." झालं बोलणं. पण त्याच्याकडून सुरांचं पाकीट आलं की मी दुकानाचं दार लोटून घ्यायची आणि एकेक पट्टी छोट्या भात्यावर लावून वाजवायची. त्यात मला तो दिसायचा. त्याची बायको आजारी पडली ते मला कुणी सांगायच्या आधी कळलं होतं. त्या खेपेचे खालचे सूर गरजेपेक्षा जास्त घासलेले होते, घाबरलेल्या माणसाने घासावे तसे. तेव्हापासून माझी पक्की खात्री, छोटूची खबर घ्यायला मला फोन लागत नाही. प्रत्येक पाकिटानंतर मी त्याला मेसेज करायची. "या खेपेला हात खुशीत दिसतोय." "मधले सूर रुसलेत. झोप होत नाही का? वेळेवर झोपत जा." त्याचं उत्तर एकच, "होय." एवढ्यावर माझे पुढचे कितीतरी दिवस निघायचे. दुकान बंद करून वर खोलीत गेले की बोलायला भिंतीच, आणि भिंतींना कान असतात म्हणे, तोंड काही नसतं.

म्हणून नियम बदलला तेव्हा माझं धाबं दणाणलं ते नुसतं खर्चाने नाही. माझ्या हातात एकच मोठी ऑर्डर होती, एका शाळेची. तिथल्या संगीताच्या बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. नवीन किंमत ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"काकू, मला तुमच्याच हातचे हवेत हो. पण शाळा एवढे पैसे देणार नाही. मग ते प्लास्टिकचे तयार घ्यावे लागतील."

"ते वाजतात की खोकतात?"

"खोकतात. पण स्वस्तात खोकतात."

ही ऑर्डर गेली तर सूर मागवायला कारण उरत नव्हतं. सूर बंद झाले की पाकीट बंद, आणि पाकीट बंद झालं की छोटू माझ्यापुरता संपला. हे मी बाईंना कुठे सांगत बसू?

वाट एजंटनेच काढली. "जीभ बसवलेली, पण घासलेली नाही, अशी पट्टी आली तर ते 'धातूचं सामान'. शुल्क नावापुरतं. भावाला सांगा, कच्चेच पाठव. घासायचं तुम्ही इथे घासा. सगळं कायद्यात बसतं."

बसत होतं, पण माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. कच्चा सूर मुका असतो. त्याच्यावर कुणाचा हात फिरलेला नसतो. दुकान वाचणार, पाकीट येणार, आणि पाकिटात छोटू नसणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. विचार करून डोकं भणभणलं तेव्हा शेवटी मेसेज केला, "नियम बदललाय. यापुढे न घासलेले पाठव. घासायचं मी बघते." आणि मग स्वच्छ असलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

त्याचं "होय" आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. मला वाटलं, दुखावला. जन्मभराची कला मी एका ओळीत त्याच्या हातातून काढून घेतली होती. दहादा फोन उचलला आणि दहादा ठेवला. "बरं आहे?" च्या पुढे काय बोलतात, ते मला येत नव्हतं.

शेवटी त्यानेच केला. दुपारची वेळ, मी भात्याच्या कडांना सरस लावत होते.

"ताई, कच्चे सूर माझ्याकडे नाहीत."

"नाहीत तर करायला घे की."

"मी करत नाही."

"म्हणजे?"

"डोळे गेलेत गं. सगळे नाही. कडेकडेचं दिसतं, मधलंच दिसत नाही. जिभेचं टोक दिसत नाही."

"कधीपासून?"

"ती गेली, त्याच्या पुढच्या वर्षापासून."

मी सरसाची बोटं तशीच हवेत धरून बसले. "मग हे येतात ते कुणाचे?"

"इथल्या कारखान्यातले. बायका घासतात तिथे. मीच शिकवलंय त्यांना, म्हणून हात माझ्यासारखा वाटतो. पहिल्या खेपेला वाटलं, तुला लगेच कळेल. कळलं की सांगणार होतो."

पहिल्या खेपेला मी काय लिहिलं होतं ते मला लख्ख आठवलं. "हात सुधारलाय हं! बाबा असते तर पाठ थोपटली असती."

मला आधी त्याचा राग आला आणि मग माझ्या कानांचा. मोठी जाणती मी! ज्या खेपेचे सूर रुसले होते त्या आठवड्यात तिथल्या कुणा बाईचं घरी काहीतरी बिनसलं असेल, आणि मी मात्र इथून माझ्या भावाला झोपायला सांगत होते. खुशीत हात होता तो कुणा मुलीचा. मी तिचं नावही ऐकलेलं नाही, आणि तिच्या आनंदावर मी महिना महिना काढला होता. इतकी वर्षं मी दार लोटून परक्या बायकांशी बोलत होते.

"मग 'होय' का म्हणायचास रे?" मी ओरडलेच. "झोपत जा म्हटलं की होय!"

"कुणी आपल्याला झोप म्हणतंय, त्याला नाही कशाला म्हणायचं?"

तोच पुढे म्हणाला, "कारखाना तुला कच्चे देईल. मी बोललोय त्यांच्याशी. तुझा एजंट थेट मागवू शकतो, तेच स्वस्त पडेल. म्हणून उत्तर देत नव्हतो, ताई. आत्तापर्यंत निदान पाकीट मी बांधत होतो. आता तेवढंही कारण उरत नाही."

शाळेची ऑर्डर वाचली होती. दुकान वाचलं होतं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी शटर खाली ओढलं आणि मला एकदम रडू फुटलं. आवाज न करता रडायची मला सवय आहे, पण त्या दिवशी ते जमलं नाही.

"ताई? अगं, रडतेस काय?"

"जेवलास का?" मी विचारलं. एवढंच सुचलं.

"जेवतो. बरं आहे."

"बरं आहे म्हणायचं नाही. मला त्यातलं काही कळत नाही, ते आज सिद्ध झालंय. स्वयंपाक कोण करतं? रस्ता कसा ओलांडतोस? रात्री दिवा लावतोस की तसाच बसतोस? सगळं सांग."

एरवी इथे "ठेवू?" आलं असतं. मी फोन ठेवला नाही.

"लांबण लागेल," तो म्हणाला.

"लागू दे."

"मग थांब, खुर्ची ओढून घेतो."

फरशीवर खुर्ची करकरत सरकली, कशाला तरी अडखळली, पुन्हा सरकली. तो आवाज मात्र त्याचाच होता.