फीच्या कुपनाला लागलेली जांभळी शाई

विषय : शहरातील मुलांना शाळेच्या फीचे कुपन मिळण्याबाबत.
संदर्भ : मोहल्ल्यातील पालकांचा अर्ज, तीनशे बारा अंगठ्यांच्या ठशांसह.

उपरोक्त विषयास अनुसरून मी, जांभळ्या शाईचा स्टॅम्प पॅड, सविनय सादर करतो ते असे.

माझा जन्म कारखान्यातला, पण जग पाहिलं ते यवतमाळच्या एका कचेरीत. बावीस वर्षं मी शिक्के ओले केले. त्यांतला ‘पाहिले’ हा सर्वांत जास्त चालायचा. कोणी काही पाहिल्याचं मात्र मला आठवत नाही. पुढे संगणक आला आणि मी कपाटात गेलो. त्याच कचेरीतले कारकून डोमाजी बाबू निवृत्त झाले तेव्हा शाल, नारळ आणि नजरचुकीने मी, असे तिघे त्यांच्या घरी आलो.

त्यांच्या मोहल्ल्यातल्या शाळेत सात वर्ग आणि शिक्षक दोन. डोमाजींनी मागणी काढली : सरकारने प्रत्येक मुलाच्या नावे फीचं कुपन द्यावं, शाळा आईबापांनी निवडावी. शाळेच्याच भिंतीला टेबल लावून आम्ही पाठिंबा गोळा करायला बसलो.

पहिल्या आल्या लालीबाई. त्यांची नात निकिता चौथीत होती. जूनमध्ये तिला दुसऱ्या शाळेत घालायची त्यांची धडपड. हातात रेशनकार्ड.

“डोमाजीभाऊ, ह्या कुपनावर तेल भेटते का साखर?”

“शाळा भेटते बाई. तुमच्या पसंतीची.”

“मंग घ्या माहा अंगठा.”

“अहो, तुम्हाले सही येते ना!”

“सहीले साहेब खोटी म्हणते. अंगठ्याले कोण खोटं म्हणन?”

रांगेने हे ऐकलं. मग बी.ए. झालेल्यांनीही पेन खिशात ठेवून अंगठे पुढे केले. मुख्याध्यापिका विमलताई तावातावाने बाहेर आल्या.

“सात वर्ग आम्ही दोघं सांभाळून राह्यलो. पोरं गेली त आम्हाले कोणतं कुपन देता?”

 डोमाजींनी मला पुढे सरकवलं. ताईंनी आपल्या नातवाच्या कुपनासाठी अंगठा दिला.

माणूस अंगठा उमटवताना फार जपतो. पुसताना जी जवळ असेल ती भिंत त्याला चालते. आठवड्याभरात शाळेची पांढरी भिंत जांभळी झाली.

अर्ज गेला. महिन्याने शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला आले. लालीबाई निकिताची वेणीफणी करून तिला पुढे घेऊन उभ्या. साहेबांनी भिंत पाहिली.

“हे काय आहे?”

“जनतेचा पाठिंबा, साहेब,” डोमाजी म्हणाले.

“मग तो इथे कशाला पुसला?”

आठव्या दिवशी रंगारी हजर! बावीस वर्षांत एवढ्या वेगाने कागद हललेला मी पाहिला नव्हता. भिंत पिवळी झाली, रंगाचे दोन हात देऊन.

निकिता आता त्याच शाळेत पाचवीत आहे. त्याच भिंतीला टेकून बसते. रंग हलक्या प्रतीचा असावा. घरी येते तेव्हा पाठ पिवळी असते. लालीबाई ती झटकतात आणि डोमाजींना विचारतात, “भाऊ, निंघालं का कुपन?”

मी डोमाजींच्या खिडकीत वाळत चाललो आहे. कोणी चार थेंब शाई घातली तर उपकार होतील. लालीबाई पुन्हा अंगठा द्यायला तयार आहेत.

भिंतीचा विषय निकाली. कुपनाचा अर्ज प्रलंबित.