एक चाक हवेत

कहकशाँला गॅरेजची चाबी मिळाली. भर दुपारी, नाल्याच्या पलीकडे, तिच्या अब्बांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "चाबी तुझी." ऐकणाऱ्यांत एक सरकारी माणूसही होता.

आता हे काही झालंच नाही असं धरून पुढं वाचावं. सरकारी माणसानेही तसंच धरलेलं आहे.

तर त्या शनिवारी सकाळी कहकशाँ अब्बांच्या लाल गाडीखाली पाठीवर पडलेली होती, आणि तिला चाबी मिळण्याची काही लक्षणं नव्हती. नाकावर ग्रीस, छातीवर पाना, आणि डोक्याशी तिचा चुलतभाऊ दानिश उभा. दानिश टेपने शटरची रुंदी मोजत होता.

"आपा, जरा पाय सरकव न. माप घेऊन राह्यलो."

"कायचं माप?"

"कार वॉशचं. इथी फवारा, तिथी सेल्फी पॉइंट. अन् समोर सिमेंटचा वाघ."

आलापल्लीच्या जंगलात खरे वाघ होते, पण ते गिऱ्हाइकाच्या वेळेवर येत नसत. दानिशने सगळा विचार केलेला होता.

भानगड अशी होती. अब्बांची, म्हणजे अयूबभाईंची, ती गाडी विलायती, दोन सीटची, टप नसलेली, वयाने त्यांच्याहून थोडी मोठी. नागपूरच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी ती पोत्यांत भरून आणली होती आणि बरीच वर्षं घालून परत गाडीच्या आकाराची केली होती. डॅशबोर्ड वाळवीने खाल्लेला होता, म्हणून त्यांनी नवा बसवला, इथल्याच सागवानाचा. आलापल्लीत राहून दुसऱ्या कुठल्या लाकडाला हात लावणं त्यांना इथल्या मातीचा अपमान वाटला. पॉलिश असं की आरशाऐवजी त्यातच पाहून ते दाढी नीट करत.

एवढ्या देखण्या गाडीला नाला पार होत नव्हता. गॅरेज नाल्याच्या अलीकडे. पलीकडे चहाची टपरी, आणि तिच्या मागे मोहटोल्याचं सरकारी लाकूड आगार. दिवाळी तोंडावर आली तरी नाल्यातला लाल चिखल वाळलेला नव्हता. अयूबभाई ऐटीत गाडी घालायचे, मधोमध एक चाक भणभणायचं, दुसरं चाक शेजारी उभं राहून पाहायचं, आणि टपरीवरचे लोक चहा थंड होईस्तोवर हसायचे. अशाच एका दिवशी, गुडघाभर चिखलात उभं राहून, अयूबभाईंनी जबान दिली, "मले या गाडीत बसवून जो कोणी नाला पार करन, गॅरेजच्या शटरची चाबी त्याची! मी आता थकलो!"

टपरीवरच्यांनी चहाचे पेले खाली ठेवले. अयूबभाईंची जबान म्हणजे त्यांनी आवळलेला नट. तो त्यांनाही परत सुटत नसे.

कहकशाँ दहा वर्षांची असल्यापासून त्या गॅरेजात होती. पुढे तिने आयटीआय केलं, निम्म्या तालुक्याच्या बोलेरो तिच्या हाताखालून गेल्या. शटर आपलंच आहे असं ती धरून चालली होती, आणि अब्बा ते चिखलात उभं राहून लिलावात काढून बसले होते. दानिशने लगेच ट्रॅक्टर ठरवला. दोरी बांधायची, चाचांना गाडीत बसवायचं, ओढायचं. शनिवारी, जुहरच्या म्हणजे दुपारच्या नमाजनंतर. जबानीत दोरीला मनाई नव्हती.

म्हणून कहकशाँ पोंभुर्ण्याकडे डोमाभाऊंच्या गावी गेली. डोमाभाऊंनी लिलावात एक जुनी जीप घेतली होती. इंजिन कधीच गेलेलं. बॉनेटवर मोहफुलं वाळत आणि आत कोंबड्या राहत. पण त्या जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये जे डिफरन्शियल होतं तसं आसपासच्या भंगारात दुसरं नव्हतं. साध्या डिफरन्शियलमध्ये इंजिनचा जोर जे चाक मोकळं सुटेल त्यालाच जातो. म्हणून एक भणभणतं आणि दुसरं पाहत बसतं. या जीपच्या डिफरन्शियलमध्ये एकमेकींना घासणाऱ्या चकत्यांची चळत होती. एक चाक उधळायला लागलं की त्या चकत्या दुसऱ्यालाही ओढून कामाला लावत. बिनकामाचं कोणालाच उभं राहू देत नसत.

"डोमाभाऊ, मागचा अ‍ॅक्सल पाह्यजे होता."

"ने न बाई. पण जीप तिरपी झाली नाई पाह्यजे. कोंबडी अंड्यावर बसून राह्यली."

कहकशाँने मागे ठोकळे लावले आणि अ‍ॅक्सल इतक्या हलक्या हाताने काढला की कोंबडीने एकदाच मान वळवली. तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यात सफाईचं काम होतं, आणि पाहायला फक्त कोंबडी होती.

जीपचं सामान लाल गाडीत बसणं सोपं नव्हतं. शाफ्टचे दात जुळेनात. चंद्रपूरच्या लेथवाल्या खराद्याकडून ते नव्याने पाडून आणले. मग बेअरिंग सैल पडली. मग क्राउन आणि पिनियन ही आतली दातेरी चाकं एकमेकांवर घासायला लागले, तेव्हा पत्र्याच्या पातळ चकत्या घालून, काढून, परत घालून ती त्यांना जमवत बसली. शनिवारची सकाळ त्यातच चालली होती, आणि नाल्याच्या पलीकडे ट्रॅक्टर येऊन उभा राहिल्याचा आवाज तिला गाडीखालून ऐकू आला.

"आपा," दानिश वाकून म्हणाला, "काऊन जीव काढून राह्यली? मी तुले कार वॉशमध्ये ठेवीन न. कॅशवर."

"दानिश, तो चौदाचा पाना दे."

"हा?"

"हा बारा हाये. अन् तू गॅरेज चालवशील."

दानिश दोरी घेऊन पलीकडे निघून गेला. तिने शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा मशिदीत अजान झाली. नमाज होऊन अब्बा येईपर्यंत जेवढा वेळ होता तेवढ्यात ब्रेकमध्ये परत तेल भरायचं होतं, हँडब्रेकची तार जोडायची होती. तिने आधी चाकं चढवली. आणि अब्बा लवकर आले.

अयूबभाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. वाकून पाहिलं. दाढीवरून हात फिरवला, म्हणजे काम आवडलं होतं.

"झालं?"

"फक्त ब्रेक राह्यला, अब्बा."

"ब्रेक मागून. आधी आवाज आयकू."

हा त्या गॅरेजचा कायदा होता. अ‍ॅक्सलला हात लावला की गाडी बाहेर काढण्याआधी एक चाक जॅकवर उचलायचं, अयूबभाई स्टिअरिंगवर बसणार, पहिला गिअर टाकणार, क्लच हळूच सोडणार. वरचं चाक हवेत फिरतं, खालचं जागेवर राहतं, गाडी हलत नाही. आणि कहकशाँ खाली सरकून पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक अ‍ॅक्सलला लावते, मूठ कानाला लावते, आणि आतला आवाज ऐकते. फ्रॉक घालत होती तेव्हापासून तिने हे इतक्या वेळा केलं होतं की आता त्यात डोकं लागत नसे, फक्त कान.

तिने मागचं डावं चाक उचललं. पुढच्या चाकाखाली अर्धी वीट सरकवली. खाली पडली, पेचकस लावला, कान टेकवला.

"टाका!"

इंजिन लागलं. गिअर पडला. क्लच सुटायला लागला.

डावं चाक हललं. तिच्या कानात आवाज आला. एकसारखा, गोल, कुठं खरखर नाही. इतका गप्प अ‍ॅक्सल तिने या गॅरेजात ऐकला नव्हता. तिला हसू आलं. मग तिने सहज पलीकडे पाहिलं, तर उजवं चाकही हलत होतं.

उजवं चाक जमिनीवर होतं.

ज्यासाठी तिने कोंबडीची मर्जी सांभाळली, खराद्याशी भांडली, रात्रीची झोप घालवली, ते सगळं नेमकं हेच होतं, की एक चाक फिरलं तर दुसऱ्याने उभं राहायचं नाही. हे तिला माहीत होतं. तिच्या सवयीच्या कानाला माहीत नव्हतं.

"अब्बा, बंद करा!"

अयूबभाई दचकले आणि त्यांचा पाय क्लचवरून पूर्ण निसटला. विटेचा भुगा झाला. जॅक कलला. कहकशाँ जशी होती तशी कुशीवर लोळली, तिच्यामागे गाडी धाडकन खाली आली आणि दोन्ही चाकांनी माती धरली. चाक पेचकसावरून गेलं. पेचकस वाकून चंद्रकोर झाला. त्याची मूठ क्षणभरापूर्वी तिच्या कानाला होती.

ती उठली तेव्हा अब्बा उताराला लागले होते.

ब्रेकमध्ये तेल नव्हतं. हँडब्रेकची तार खुंटीवर टांगलेली होती. चाबी फिरवली असती तर गाडी थांबली असती, पण अयूबभाईंच्या हाताला फक्त हॉर्न सापडला. ते हॉर्न वाजवत, दाढी उडवत, ताठ बसून नाल्याकडे निघाले. स्टिअरिंग वळवून पाहिलं, पण दोन्ही चाकं सारख्याच जोराने ढकलत असल्यामुळे गाडीला सरळच जायचं होतं.

"अब्बा! चाबी! चाबी फिरवा!" कहकशाँ अनवाणी मागे धावत होती.

पलीकडच्या काठावर दानिश दोरी घेऊन उभा होता. "चाचा! अवो चाचा! थांबा! आधी दोरी बांधाची हाये!"

गाडी नाल्यात शिरली. लाल चिखल दोन्ही बाजूंनी उडाला. मधोमध, नेहमीच्याच जागी, ती अडली. डावं चाक भणभणलं. गाडी डावीकडे कलली, इतकी की डावा दरवाजा चिखलाच्या वर वीतभर उरला. उलटली असती तर टप नव्हता, डोकं आधी खाली गेलं असतं. कहकशाँ काठावर थांबली. चाबी, शटर, दानिश, वाघ, सगळं डोक्यातून पुसलं गेलं आणि एकच गोष्ट राहिली. तिने बसवलेल्या त्या चकत्या. धरतील का.

धरल्या. उजव्या चाकाने चिखलाखालचा मुरूम पकडला, एक हिसका दिला, गाडी सरळ झाली आणि बैल काठ चढतो तशी मान खाली घालून काठ चढली. दानिशने बाजूला उडी मारली. टपरीवाल्याने चहाचं भांडं उचललं. गाडी टपरीच्या बाजूने गेली, आगाराच्या उघड्या फाटकातून आत शिरली, आणि धडाम् असा आवाज होऊन हॉर्न बंद पडला.

हॉर्न बंद पडल्यावर जी शांतता झाली तिच्यातून कहकशाँ नाला ओलांडून गेली. कशी गेली ते तिला अजून आठवत नाही. सागवानाची एक थप्पी कोसळली होती आणि तिच्या मधोमध लाल गाडी बसली होती, चहूबाजूंनी ओंडके. अब्बा जागेवरच होते. टोपी नाकावर. हलत नव्हते.

"अब्बा?"

अयूबभाईंनी टोपी वर केली. समोर पाहिलं. मागे वळून नाल्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आवाज चांगला हाये. क्राउन-पिनियन एकदम गप."

ती ओंडक्यावर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोवर दानिश आणि टपरीवाला येऊन पोचले होते.

"चाबी तुझी," अब्बा म्हणाले.

"चाचा, पण गाडी चालवली कोणी? आपा तं मागून धावून राह्यली होती!"

"मी म्हटलं होतं मले बसवून. मी बसलो होतो का नाई बे?"

दानिशने विचार केला. दोरी खाली ठेवली. अयूबभाईंनी चाबीकडे हात नेला. शटरची चाबी गाडीच्या चाबीच्याच गुच्छात होती आणि गुच्छ डॅशबोर्डवर लोंबत होता.

"हात लावू नका, अयूबभाऊ."

ओंडक्यांपलीकडे आगाराचे रखवालदार हरिदास उभे होते. हातात खुणेचा हातोडा, ज्याने ओंडक्यांवर सरकारी छाप उठतो. चेहऱ्यावर दुःख, पण कर्तव्याचं.

"आज लिलावाच्या लॉटची मोजणी होती. मी हा लॉट आत्ताच मोजून बंद केला. फाटकात गाडी घुसली तेव्हा मी शेवटच्या ओंडक्यावर हातोडा मारून राह्यलो होतो. बंद लॉटमधली काडी बी साहेबांच्या हुकुमाशिवाय हालत नाई."

"हरिदासभाऊ, ही गाडी हाये, लाकूड नाई," कहकशाँ म्हणाली.

हरिदास वाकले. डॅशबोर्डवर बोट फिरवलं. रेषा पाहिल्या. त्यांची सगळी उमर याच रेषा पाहण्यात गेली होती.

"सागवान. अव्वल दर्जा. वाहतूक परवाना दाखवा."

अयूबभाई पहिल्यांदाच त्या डॅशबोर्डकडे न पाहता दुसरीकडे पाहू लागले. हरिदासांनी एकदा उसासा टाकला आणि हातोडा उचलला. पॉलिशवर छाप फार सुरेख उठला.

तेव्हापासून गाडी आणि चाब्यांचा गुच्छ बंद लॉटमध्ये, म्हणून शटरला कुलूप लावता येत नाही. उघड्या गॅरेजात रात्री झोपायला दानिश तयार नाही. सिमेंटच्या वाघाची हौस वेगळी, आणि अंधारात खोकणारा खरा बिबट्या वेगळा. म्हणून कहकशाँच तिथं असते. दिवसा बोलेरो, रात्री खाट. गॅरेज कोणाचं, हे आता कोणी विचारत नाही. तरी चाबी ती चाबी, म्हणून तिने टपरीवर बसून अर्ज लिहिला, अब्बांनी शुद्धलेखन पाहिलं, आणि हरिदासभाऊंनी कुठं सही करायची ते दाखवलं:

प्रति, मा. आगार अधिकारी, मोहटोला. विषय: एक नग चाबी मिळणेबाबत. महोदय, सदर चाबी ही आपल्या आगारातील बंद लॉटमध्ये, सागवानी फळीस लोंबकळत्या अवस्थेत, नैसर्गिकरीत्या आढळून आलेली आहे. तरी मोह, तेंदू, डिंक व मध यांच्याप्रमाणे सदर चाबीस गौण वनोपज घोषित करून ती गोळा करण्याचा हक्क अर्जदारास देण्यात यावा. हंगाम कोणता ते कळवावे. आणि तोपर्यंत सदर लॉटचा लिलाव झाल्यास, बोली लावणाऱ्यांना गाडी सुरू करून दाखवताना एक चाक जॅकवर उचलू नये, अशी समज आपल्या स्तरावरून सर्व संबंधितांस देण्यात यावी, ही नम्र विनंती.