कापडाची कात्री

घर रिकामं करायला माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन येतात. हेडमास्तर आले ते भरलेली पिशवी घेऊन. वर दोन वर्तमानपत्रं, त्याखाली टॉवेल आणि टॉवेलात गुंडाळलेली आईची कात्री. सामान बाहेर काढायच्या दिवशी सामान आत आणणारा आपण पहिलाच माणूस असू, असं वाटून जिना चढताना त्यांना स्वतःचंच हसू आलं. ते हसू दुसऱ्या मजल्यापर्यंत टिकलं नाही.

आईने या घरात चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. तिची कात्री वीतभराहून मोठी, काळ्या मुठीची, अंगठ्याच्या जागी हिरवी पट्टी गुंडाळलेली. ती फक्त कापडाला लावायची. कागदाला नाही, दोरीला तर नाहीच. वडील ओरडले तर मुलं हसायची, पण त्या कात्रीकडे हात जाताना दोघांचीही पाचावर धारण बसायची.

आणि त्याच कात्रीने दादाने पत्रा कापला होता. तेव्हा ते हेडमास्तर नव्हते, मिसरूड फुटलेला नुसता दादा होता. प्रदर्शनासाठी त्याला पवनचक्की करायची होती. चार पाती कापून झाली आणि कात्रीच्या धारेला ठसठशीत खाच पडली. भ्यालेल्या दादाने कात्री ट्रंकेत लपवली आणि परीक्षा झाल्यावर ट्रंकेसकट वसतिगृहात नेली. पवनचक्कीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, आणि ते सुद्धा दोघांत विभागून.

आळ आला धाकट्या बहिणीवर. ती तेरा वर्षांची होती आणि स्टुलावर उभी राहून आईकडून कापड बेतायला शिकत होती. कात्री हरवली म्हणून आईने तिला कापायच्या टेबलाशी फिरकू दिलं नाही, ते कायमचंच. धाकटी आज शहराची बस चालवते. शर्टाचं बटण तुटलं तरी बाहेरून लावून आणते.

हे सगळं हेडमास्तरांना सलत होतं, नाही असं नाही. पण सलणं आणि सांगणं यांच्यात त्यांनी चौतीस वर्षं घालवली. त्यांच्या शाळेत मात्र नियम होता: चूक स्वतःहून सांगितली की शिक्षा माफ. या नियमावर ते दर सोमवारी बोलत, आणि शेवटी तो मुलांकडून तीनदा म्हणवून घेत.

आजचा बेत साधा होता. कात्री कुठल्या तरी सांदीत सारायची, मग आश्चर्याने ओरडायचं. कात्री सापडते, धाकटी सुटते, आणि आपल्याला तोंड उघडावं लागत नाही. संध्याकाळी आई धाकटीकडे राहायला जाणार होती. तिने धाकटीच्या घरात जन्माचा गैरसमज घेऊन जाऊ नये, एवढीच आपली इच्छा आहे, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. आईला खरं तर आपणच नेणार होतो, पण आपलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, शाळेच्या वेळा अशा, हे त्यांनी फोनवर इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी धाकटीच म्हणाली, पुरे.

घोडं अडलं ते सांदीपाशी. बस वेळेवर सोडणारी बाई घर आवरायला घेते तेव्हा सांदी उरत नाही. कपाटामागे सारावी तर धाकटी तिथे बॅटरी घेऊन झाडून गेलेली. माळ्यावर ठेवावी तर माळा ओल्या फडक्याने पुसलेला. शिवणयंत्र खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे कालच पोचलं होतं. आई खिडकीपाशी, घरात उरलेल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसून दोघांकडे बघत होती. हेडमास्तर पिशवी छातीशी धरून तीनदा न्हाणीघरात जाऊन आले. धाकटीने पोट बिघडलंय का म्हणून विचारलं, आणि त्यांनी हो म्हणून टाकलं.

शेवटी दाराशी चिंध्यांचं गाठोडं दिसलं. शिंपिणीच्या चिंध्यांत कात्री, याहून साळसूद जागा कुठली? त्यांनी ती आत खोल सारली आणि चेहऱ्यावर आश्चर्य आणायचा सराव करायला चौथ्यांदा न्हाणीघरात गेले. बाहेर येऊन पाहतात तो गाठोडं नाही.

"भंगारवाल्याला दिलं," धाकटी म्हणाली. "का, तुला हवं होतं?"

हेडमास्तर मोज्यांवरच जिना उतरले. शाळेत धावणाऱ्या मुलांना ते थांबवत. आज रस्त्यावरची माणसं त्यांच्यासाठी बाजूला होत होती. कोपऱ्यावर हातगाडी गाठून त्यांनी गाठोडं सोडलं आणि चाळीस वर्षांची छापील, रेघांची, फुलाफुलांची कापडं भर रस्त्यात पसरली. कात्री हाती लागली तसा भंगारवाल्याने तिच्यावर शांतपणे हात ठेवला. गाठोडं दिलं म्हणजे आतलं सगळं दिलं, असं त्याचं म्हणणं पडलं, आणि ते वाजवी होतं.

"ती माझ्या आईची आहे," हेडमास्तर धापा टाकत म्हणाले. "मी चोरली होती."

"कधी?"

"चौतीस वर्षं झाली."

भंगारवाल्याने हात काढला. "मग हे घरी सांगा साहेब. मला सांगून काय उपयोग?"

एवढं सोपं वाक्य त्यांना एकाही सोमवारी सुचलं नव्हतं. पण माणूस सुधारायला वेळ घेतो. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांनी पुन्हा जुनाच बेत धरला होता.

"हे बघा काय सापडलं," ते दारातून म्हणाले. आवाज सरावाप्रमाणे लागला नाही. "चिंध्यांत होती इतकी वर्षं."

"ते गाठोडं मी गेल्या वर्षी बांधलं," आई म्हणाली. तिने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. "आण इकडे."

तिने कात्री उघडली आणि धारेवरून बोट फिरवलं. खाचेपाशी बोट थांबलं. "तेव्हा तुझ्या टेबलाखाली पत्र्याचे कपटे होते. मीच झाडले. तोंडावर तुझी परीक्षा होती. तुला बोलले असते तर तू पुस्तकं मिटून बसला असतास. हिला बोलले. ही सोसेल असं वाटलं."

हेडमास्तरांना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि असं वाटल्याची लगेच इतकी लाज वाटली की त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर नजर टेकवायला आता काहीच उरलं नव्हतं.

धाकटीच्या हातात खोकी बांधायची चिकटपट्टी होती. ती तिने खाली ठेवली.

"दादाने घेतली हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं," ती आईला म्हणाली. "पवनचक्कीची पाती मी पाहिली होती. सांगितलं नाही, कारण मला वाटलं, तू माझ्यावर खरंच चिडलीयस आणि तुला खरं कळलं तर तू त्याला मारशील." मग ती खुर्चीजवळ आली. "तुला माहीत होतं, हे मात्र मला माहीत नव्हतं."

हेडमास्तरांना सोमवारचं एकही भाषण आठवेना.

"रागावलीस?" आईने विचारलं.

"हो."

तिने आईच्या मांडीवरची कात्री उचलली. लहानपणी तिची दोन बोटंही त्या मुठीत सैल पडायची, आता पंजा नेमका बसला. खिडकीवर जुना पडदा राहिला होता. त्याच्या कडेला तिने कात्री लावली आणि सरळ कापत गेली. खाच आली तसं कापड अडकलं. तिने तिथेच थांबून कात्री बाहेर काढली, स्वतःच्या पिशवीत ठेवली आणि आईच्या दोन बॅगा उचलून दादाच्या पायाशी आणून टेकवल्या.

"आई तुझ्याकडे राहील," ती म्हणाली. "मला थोडे दिवस पाहिजेत. किती, ते मी कळवीन."

तिसरा मजला, लिफ्ट, शाळेच्या वेळा, सगळं हेडमास्तरांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी योग्य गिळलं असावं. आईनेही हुज्जत घातली नाही. जिन्यावर मात्र ती दोनदा थांबली आणि दोनदा वर पाहिलं. धाकटी दारात उभी होती. ती खाली आली नाही.

गाडी तिसऱ्या चौकात सिग्नलला थांबली तेव्हा आई पहिल्यांदा बोलली.

"पत्र्याला माझीच कात्री का घेतलीस?"

शाळेत इतकी वर्षं हेडमास्तरांनी याच प्रश्नाची उत्तरं मुलांकडून ऐकली होती. एकाहून एक, काही तर टाळ्या द्याव्यात अशी. त्यांतलं एकही त्यांच्या कामी आलं नाही.

"समोर होती," ते म्हणाले.

आईने मान डोलावली. "मलाही तेव्हा धाकटीच समोर दिसली," ती म्हणाली, आणि उरलेल्या रस्त्यात खिडकीबाहेर बघत राहिली.