यरुशलेमहून एक माणूस कमी

आमच्या मिरजेच्या ख्रिस्ती मंडळीत पवित्र भूमीला जाऊन आलेल्या माणसाचं वजन एकदम वाढतं. तो उपासनेला पुढच्या बाकावर बसायला लागतो. यार्देन नदीचं पाणी थेंब थेंब वाटतो. पाळकसाहेबांच्या उपदेशात गालील समुद्राचं नाव निघालं, की ‘मी बघितलाय’ अशी मान हलवतो. त्या मान हलवण्याचा मला भारी राग यायचा. खरं म्हणजे हेवा वाटायचा. पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढून रिटायर झाले, तेव्हा ठरवलं की आता आपणही मान हलवायची.

माझे गुडघे कामातून गेलेले, म्हणून सोनियाला बरोबर घेतलं. सोनिया माझी एकुलती एक मुलगी. तेव्हा एकोणतीस वर्षांची होती, माझ्यासारखीच नर्स. तिचे वडील ती सहावीत असताना गेले, तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल.

“सुट्टी मिळंल का तुला?” मी विचारलं.

“मिळंल. तू फकस्त चल,” ती म्हणाली.

इतक्या पटकन हो म्हणाली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती लपवून हे सगळं सांगण्यात अर्थ नाही. सोनियाला दोनदा परदेशात नोकरी लागली होती. पहिल्यांदा ओमानला, नंतर आयर्लंडला. दोन्ही वेळा मी आजारी पडले. एकदा छातीत दुखलं, एकदा चक्कर आली. आजाराची लक्षणं नर्सला कुणी शिकवावी लागत नाहीत. दुसऱ्या वेळी सोनियाने माझं बीपी स्वतः मोजलं, आणि पट्टा गुंडाळून ठेवला. बीपी अगदी छान होतं. आयर्लंडची तारीख टळली त्या दिवशी मी पोटभर जेवले. सांगताना लाज वाटते, पण जेवले.

आमचा ग्रुप नेणारे आवळे सर साताऱ्याचे. पाचगणीच्या एका शाळेतून रिटायर झालेले, आणि बारा वर्षं यात्रा नेत होते. मिरज, सांगली, सातारा मिळून आम्ही एक्केचाळीस माणसं होतो. सर डोकी मोजत नसत, आम्हालाच मोजायला लावत. प्रत्येकाला एक नंबर दिलेला. बसमध्ये चढलं की एकापासून ज्याने त्याने आपला नंबर मोठ्याने म्हणायचा, आणि एक्केचाळीस ऐकू आल्याशिवाय ड्रायव्हर चावी फिरवणार नाही. शेवटचा नंबर कवठे महांकाळच्या नानासोंचा. ते रोज म्हणायचे, “एक्केचाळीस! हाला की आता!” तेरा नंबर कुणी घेईना. येशूच्या शेवटच्या भोजनाला तेरा जण बसले होते, ते सगळ्यांना ठाऊक. सोनिया म्हणाली, “मला द्या, सर.” मी बारा होते.

मुंबईच्या विमानतळावरच सरांनी सगळ्यांना गोल उभं करून बजावलं होतं. “तिकडे एक जरी माणूस मागे राहिला, तर पुढे माझ्या ग्रुपला व्हिसा मिळणार नाही. साठ नावं वाट बघत आहेत.” आम्ही सगळे हसलो. नानासो म्हणाले, “आमी कशापायी ऱ्हातोय तिकडं? म्हशी काय सर बघनार व्हय?” त्यांची बायको त्या म्हशींपायीच आली नव्हती. पुढच्या वर्षी ती येणार आणि हे घरी थांबणार, असं दोघांचं ठरलेलं.

गालील बघितला, नासरेथ बघितलं, काना गावात जोडप्यांनी पुन्हा लग्नाच्या शपथा घेतल्या. यार्देनच्या पायऱ्या सोनियाने मला कमरेला धरून उतरवल्या. मी सारखी कुरकुरत होते. ऊन लागतंय, चहा बेचव आहे, चालवत किती नेतात. असे आठ दिवस पोरगी माझ्याजवळ होती, आणि मी ते चहाला नावं ठेवण्यात घालवले.

यरुशलेममध्ये रविवारी उपासनेनंतर एक बाई आम्हाला शोधत आली. मराठी ऐकून तिचे डोळेच भरले. नाव संयोगिता, मूळची साताऱ्याची. नऊ वर्षं तेल अवीवजवळ एका म्हातारीला सांभाळत होती. डबा भरून चकल्या आणल्या होत्या. ती आणि सोनिया चर्चच्या पायऱ्यांवर तासभर बोलत बसल्या. पोरीला सोबत मिळाली म्हणून मला बरंच वाटलं. चकल्याही चांगल्या झाल्या होत्या.

त्याच संध्याकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये पाय धुण्याचा कार्यक्रम झाला. येशूने शिष्यांचे धुतले तसे, यरुशलेम सोडण्याच्या आदल्या दिवशी एकमेकांचे पाय धुवायचे, असा आवळे सरांच्या ग्रुपचा रिवाज होता. सोनिया परात घेऊन माझ्यासमोर बसली. “टाचा जरा घास, भेगा पडल्यात,” मी म्हटलं. आजूबाजूच्या बायका हसल्या. सोनिया रडत होती. मला वाटलं, जागाच तशी आहे, इथं सगळ्यांनाच भरून येतं. तिने पाय पुसले आणि टॉवेल बराच वेळ तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बस इजिप्तच्या सरहद्दीकडे निघणार होती. हॉटेलच्या दारात सोनिया म्हणाली, “पोटात दुखायलंय. मी मागच्या दारानं चढून मागच्या सीटवर आडवी होते. माझा नंबर तूच सांग.” मला बस लागते म्हणून मी पुढेच बसायची. मी “बरं” म्हटलं आणि चढले.

यात मला काहीच वावगं वाटलं नाही. दवाखान्यात आम्ही जन्मभर हेच केलं होतं. सातला हजेरी, सांगलीहून येणारीची बस चुकलेली, कुणाचं पोर तापलेलं. मग जी हजर असेल तिने दुसरीची हजेरी लावायची. अर्ध्या वॉर्डाला मी असं सांभाळलं होतं. बसमध्ये अंधार होता. मी म्हटलं, “बारा.” मग आवाज जरा बारीक करून म्हटलं, “तेरा.” मागून नानासो म्हणाले, “एक्केचाळीस, हाला!” बस हलली.

मृत समुद्रावर तासाभराचा थांबा होता. लोक पाण्यात तरंगायला गेले. मी सोनियाला ओआरएस द्यायला मागे गेले, तर मागच्या सीटवर कुणीच नव्हतं. तिची शाल तेवढी होती. मी बाथरूममध्ये बघितलं, दुकानात बघितलं, किनाऱ्यावर हाका मारल्या. मग बसपाशी परत आले, तेव्हा बसच्या वायफायवर मोबाईलमध्ये मेसेज आला. ‘आई, मी संयोगिता ताईकडं आहे. काळजी करू नको. सरांना सांगायचं का नाही ते तू ठरव.’

मी मोबाईल पर्समध्ये टाकला. थांबा संपला, बसपाशी नंबर सुरू झाले आणि बारावर अडले.

आवळे सरांनी विचारलं, “मग तेरा कोण म्हणालं?” सगळे ओल्या कपड्यांत उभे होते. मी म्हटलं, “मी म्हटलं, सर.” ते खाली वाळूतच बसले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

सर भला माणूस. थोड्या वेळाने मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, अजून काही बिघडलेलं नाही. सहा वाजेपर्यंत मी बस सरहद्दीवर थांबवतो. ती कुठे असेल ते फक्त सांगा. इथला आपला माणूस गाडी घेऊन जाईल आणि तिला आणून पोचवेल. चुकून मागे राहिली असं सांगू. कुठेही नोंद होणार नाही.”

“मला म्हाईत न्हाई, सर,” मी म्हटलं.

दुपारी एकला आम्ही सरहद्दीवर पोचलो. पाच तास तिथे बस उभी होती. त्या पाच तासांत मी काय भोगलं ते माझं मला माहीत. मला पोरगी परत हवी होती. तिच्याशिवाय मिरजेच्या घराचं कुलूप उघडायचं या कल्पनेनेच जीव घाबरा होत होता. एक नाव उच्चारायचं होतं, बस. शिवाय ते खरं होतं, योग्य होतं, आणि साठ माणसांच्या भल्याचं होतं. पण मला हेही कळत होतं, की दोनदा खोटं बोलून मी तिला अडवलं होतं, आणि आता खरं बोलून तिसऱ्यांदा अडवणार होते. ओमान नको, आयर्लंड नको. मग पोरीने काय करावं? आईचा हात धरूनच देशाबाहेर पडायचा एक रस्ता उरला होता, तो तिने घेतला. दुसरा मी ठेवलाच नव्हता.

नानासो माझ्या शेजारी येऊन बसले. एरवीचा मिश्कीलपणा कुठल्या कुठे गेला होता. “आवं बाई, ठावं आसंल तर सांगा की. माजी बायकू वरीसभर वाट बगतीया. तिला लय आस हाय वो.”

“न्हाई ठावं, नानासो.”

“शपथ?”

“शपथ,” मी म्हटलं. पवित्र भूमीत, एका देवभोळ्या माणसाच्या तोंडावर मी खोटी शपथ घेतली. घेताना जीभ जराही अडखळली नाही.

सगळ्यांचे पासपोर्ट सरांच्याच बॅगेत असत. सहा वाजता त्यांनी त्यातला सोनियाचा पासपोर्ट तिथल्या अधिकाऱ्यांच्या हवाली केला, आणि चाळीस माणसं पलीकडे गेली. पुढचे तीन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. सीनायचा डोंगर मी खालूनच बघितला.

त्यानंतर आवळे सरांचा एकही ग्रुप गेला नाही. नानासोंची बायको कोरोनात गेली. मंडळीत माझ्या बाकावर आता मी एकटीच बसते. गालीलचं नाव निघालं की मी मान खाली घालते. लोक टोचून बोलतात, आणि ते चुकीचं बोलत नाहीत. पण या सगळ्या वर्षांत मी एका गोष्टीवर तग धरून होते. मी पोरीला जाऊ दिलं. आयुष्यात एकदा तरी स्वतःचं न बघता तिचं बघितलं. कुणाला सांगता येत नव्हतं, पण आत कुठेतरी त्याचा अभिमान होता.

सोनिया दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. तीही एका म्हातारीला सांभाळते. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे. तिकडे सायरन वाजले की म्हातारीला उचलून जिन्याखाली नेते, आणि मग मला मेसेज करते. कागदपत्रं नाहीत, त्यामुळे इकडे यायचं तर आधी तिथल्या पोलिसांकडून पकडून घ्यावं लागेल. तो विषय आम्ही काढत नाही.

गेल्या वर्षी एका रविवारी ती बटाटे सोलत बोलत होती. सोलता सोलता म्हणाली, “आई, एक इचारू? त्या दिवशी बस बॉर्डरवर किती येळ थांबली हुती?”

“सहापर्यंत. का गं?”

“काय न्हाई.” तिने एक बटाटा सोलून पाण्यात टाकला. “मी सहापर्यंत संयोगिता ताईच्या दारात बसले हुते. बॅग भरून. सकाळपासनं.”

मला काही कळेना. “कशापायी?”

“मला वाटलं, तू काय मला सोडत न्हाईस. गाडी पाठवशील. न्हाईतर सोताच येशील, कान धरशील, चारचौघांत शिव्या घालशील आन् नेशील. हॉटेलातनं निघाले तवाच मला भ्या वाटाय लागलं हुतं गं. खालून गाडीचा हॉर्न आला की मी उटायची.”

“मग तूच का न्हाई आलीस परत?”

“लाज वाटली. आपल्या पायानं कशी येऊ? तू न्यायला आली आसतीस, तर आले आसते.”

“मी तुला जाऊ दिलं गं, पोरी,” मी म्हटलं. “तुला जायचं हुतं म्हणून. मी शपथ घेतली खोटी.”

तिने सोलणं थांबवलं. बटाटा हातात तसाच होता.

“व्हय,” ती म्हणाली. “मला वाटलं, तू रागानं टाकलंस.”

मला तिला सांगायचं होतं, की त्या बसमध्ये पाच तास मी तुझंच नाव घेत होते. सांगायचं होतं, की आता ये, पकडून घे, काय होईल ते होऊ दे. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून त्या म्हातारीने हाक मारली. सोनियाने मान वळवून त्यांच्या भाषेत उत्तर दिलं. मला त्यातला एक शब्द कळला नाही. सूर मात्र कळला. मी स्वयंपाकघरातून हाक मारली की लहानपणी ती ज्या सुरात “आले गं” म्हणायची, तोच. मग ती उठली आणि फोन बंद झाला.