पन्नासवर राहिलेलं चाक

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. तारे दाखवणारी नव्हे, बंदुकीच्या पाठीवर बसणारी. माझ्या पोटात बारीक तारांची एक फुली आहे. ती सावजावर नेऊन ठेवायची, एवढंच काम. सोपं वाटतं ना? हुर्शितलाही तसंच वाटलं होतं.

तुर्कस्तानातल्या अंताल्या शहरात, बाजारातल्या मुअम्मरच्या दुकानातल्या कपाटात आम्ही तिघी शेजारी होतो. पहिलीचं अंतर कारखान्यातच शंभर मीटरला बांधून टाकलेलं. तिच्यात फिरवायला काही नव्हतंच. दुसरीच्या पुढच्या काचेभोवती फिरतं कडं होतं. तिसरी मी. माझ्या डाव्या अंगाला एक चाक आहे. सावज जितकं लांब, तितक्या आकड्यावर ते आणायचं. नाही आणलं, तर बंदूक जागची न हलताही नुसता डोळा सरकला की फुली सावजावरून सरकते. लांबच्या नेमाला हा फरक चार बोटांचा होतो.

हुर्शित तोरोसच्या डोंगरातला. तीस वर्षं त्यानं पहिल्या प्रकारचीच दुर्बीण वापरली होती. ती आता आतून धुरकटली, म्हणून तो आला होता.

"कडंवाली देऊ का, हुर्शितकाका?" मुअम्मरनं विचारलं.

"कड्यापर्यंत हात पुढे न्यायचा, तोवर रानबोकड डोंगरापलीकडे! ठेव ती तुलाच."

"मग ही घ्या. गाल दस्त्यावरून उचलायला नको, डाव्या हातानं चाक फिरवायचं. फक्त फिरवायला विसरू नका."

"बायकोचं नाव विसरेन, पण बोकड समोर असताना काही विसरणार नाही!" म्हणत तो मोठ्यानं हसला. मला तो फार आवडला.

त्या वर्षी त्याला एका रानबोकडाच्या शिकारीचा परवाना मिळाला. सकाळी गावाखाली पन्नास मीटरवरच्या दगडावर त्यानं माझा नेम तपासला. त्यासाठी चाक पन्नासवर आणलं, आणि ते तसंच राहिलं. दुपारी वनरक्षक तेव्फिक आणि तो कड्यावर पोचले, तेव्हा समोरच्या उतारावर बोकड उभा होता. अंतर अडीचशे मीटर. हुर्शित तिरक्या खडकावर मान वाकडी करून पडला. माझ्यातून त्याला सगळं धूसर दिसत होतं. त्यानं दोनदा डोळे चोळले. मी मनातल्या मनात ओरडत होते, अरे, चाक! पण मला तोंड कुठे आहे?

गोळी खांद्यामागे लागायची, ती पोटात लागली. बोकड पळाला. दोघांनी दोन दिवस रक्ताचा माग काढला. तिसऱ्या दिवशी गिधाडांनी जागा दाखवली.

चहाच्या दुकानात एकानं विचारलंच, "काय हुर्शित, आता गिधाडांसाठी शिकार करतोस वाटतं?" जखमी जनावर मागे सोडणारा, असं हुर्शितला उभ्या जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. डोळे गेले, असं त्यानं घरी जाहीर केलं. सोमवारी परवान्याचं कार्ड परत करून शिकार कायमची सोडायची, हेही ठरवून टाकलं.

रविवारी त्याची मुलगी दोने आली. ती जमीनमोजणीच्या कामावर आहे. दिवसभर यंत्राच्या भिंगाला डोळा लावून असते. बापाला समजावून ती थकली. शेवटी तिनं रिकामी बंदूक खिडकीत उशीवर टेकवली, माझ्यातून समोरच्या कड्याकडे पाहिलं, आणि कामावरच्या सवयीनं मान वर-खाली हलवली.

"बाबा, ही फुली नाचतेय."

"माझे डोळे नाचतायत म्हण."

"बघतेय मी, त्यात तुमचे डोळे कुठून आले?" तिनं चाक पाहिलं. "हे पन्नासवर का? त्या दिवसानंतर कुणी हात लावला होता?"

"नाही."

तिनं चाक फिरवलं. कड्यावरच्या झुडपांचं पान न् पान स्वच्छ झालं. "आता बघा."

हुर्शितनं पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला.

"डोळे ठणठणीत आहेत तुमचे! उगाच जिवाला घोर लावून घेतलात."

"डोळे गेले असते तर बरं झालं असतं गं."

"काहीतरीच काय बोलता, बाबा!"

"म्हातारपण म्हणून सोडून दिलं असतं. हे तर मी माझ्या हातानं केलंय."

मला त्याची फार कीव आली, आणि माझी स्वतःची लाजही वाटली. दोनेनं त्याला जवळ बसवून दाखवलं, की आकडा नुसता अंदाजाला असतो. बंदूक टेकवायची, मान हलवायची, फुली जागची हलली नाही तरच चाक बरोबर. सोमवारी तो कार्ड परत द्यायला गेला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा परवाना मिळाला. मोसमाच्या शेवटच्या दिवशी बोकड दिसला, पहिल्यापेक्षा मोठा. हुर्शितनं चाक फिरवलं, मान हलवली. फुली सरकली. पुन्हा फिरवलं, अजून किंचित सरकत होती. तेवढ्यात बोकड उठून चालू लागला आणि कड्याआड गेला. हुर्शितनं बंदुकीचा सुरक्षेचा खटका लावला.

"अहो काका, टाकायची होती ना गोळी!" तेव्फिक कळवळला.

"फुली हलत होती."

"केसभर!"

"हो, केसभरच," हुर्शित म्हणाला आणि थर्मासमधला चहा त्यानं आधी तेव्फिकला ओतून दिला.

मित्रांनो, आता माझा रंग उडालाय आणि चाकही जड फिरतं. आमच्यातली कुठलीही निवडा. बांधलेली घेतलीत तर लांबच्या नेमाचा हट्ट धरू नका. कडंवाली घेतलीत तर हात पुढे न्यायचा आळस करू नका. चाकवाली घेतलीत तर चाक कुठे राहिलंय ते आधी बघा. आमच्या काचा मऊ फडक्यानं पुसा, आम्हाला ओलीत ठेवू नका. आणि फुली हलत असेल तर बोकड जाऊ द्या. गेलेला बोकड चार दिवसांत विसरता येतो. पोटात गोळी घेऊन पळालेला मात्र हुर्शितला अजून दिसतो, आणि तो दिसायला त्याला माझी गरज लागत नाही.